पोकलेन बांधायची कशी

जेसीबीची खुदाई बघायला आपल्याकडे माणसं कामधंदा सोडून थांबतात. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यावरून इंटरनेटवर केवढा धुमाकूळ झाला होता, आठवत असेल. पण असंच एखादं यंत्र ट्रेलरवर चढून हायवेला लागलं की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उलट "हा हत्ती मधल्या लेनमध्ये कशाला घातलाय" म्हणून मागून हॉर्न वाजवतात. मी मात्र बघते. ट्रेलर दिसला की माझी मान आपोआप वळते आणि गाडी चालवणारे आमचे हे म्हणतात, "झालं, लागली मोजायला."

मी साखळ्या मोजत असते. चार असतील तर बरं वाटतं. दोन असतील तर ह्यांना सांगते, "एक तर पुढे काढा, नाहीतर चांगले मागे राहा. शेजारून चालू नका." आणि एकही नसेल (असे ट्रेलर दिसतात, थट्टा नाही) तर पुढचे दहा किलोमीटर माझं गप्पांत लक्ष लागत नाही.

हा नाद मला कराडच्या मामांमुळे लागला. घरचे जे कुणी हे वाचतात त्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे ते 'लोबेडवाले मामा' म्हणूनच ओळखले जातात. इतरांसाठी सांगते. लोबेड म्हणजे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच असलेला, लांबलचक, सपाट ट्रेलर. पुढे ओढायला इंजिनाचं डोकं, त्याच्यावर हंसाच्या मानेसारखा वाकलेला जोड आणि मागे बारकी पण पुष्कळ चाकं. उंची कमी ठेवायची, कारण वर जे ठेवायचं तेच तीन मीटर उंच असतं. दोन्ही मिळून चार मीटरच्या आसपास जातं आणि गावातल्या विजेच्या तारा तिथूनच सुरू होतात. मामांच्या ट्रेलरवर पूर्वी एक पोरगा बांबू घेऊन बसायचा, तारा वर उचलायला. हे त्यांनी पुढे बंद केलं. आता आधी रस्ता बघून येतात.

टायरवालं जेसीबी रस्त्यानं स्वतः चालत जातं, त्याला ट्रेलर नसला तरी चालतं. पोकलेनचं तसं नाही. (पोक्लेन ही मूळची एक फ्रेंच कंपनी. तिचं नाव आपल्याकडे यंत्रालाच चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं.) तिचे लोखंडी पट्टे डांबर उकरून काढतात, आणि पळून पळून ती पळणार किती, तर तासाला चार-पाच किलोमीटर. त्यामुळे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर न्यायची तर पाठीवर घेऊनच. नेहमीच्या आकाराची पोकलेन वीस-एकवीस टनांची असते. म्हणजे साधारण पंचवीस मोटारी एकावर एक रचल्यासारखं.

आता या एकवीस टनांबद्दल जो समज जवळजवळ सगळ्यांचा असतो, तो मी लहानपणापासून ऐकत आलेय. मालक म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, चहाच्या टपरीवरचाही म्हणतो: "एवढं वजन हाय, ते जाणार कुठं?"

ऐकायला पटतं. कपाट हलवायला चार माणसं लागतात, मग पोकलेन आपोआप कशी सरकेल? पण मी मेकॅनिकल शिकले तेव्हा पहिल्याच वर्षी या वाक्यातली हवा गेली. वजन जास्त म्हणजे खालची पकड जास्त, हे खरं. पण ब्रेक लागल्यावर किंवा वळणावर जो ढकलणारा जोर येतो, तोही त्याच वजनाच्या प्रमाणात वाढतो. वजन दुप्पट तर पकड दुप्पट आणि ढकलही दुप्पट. हिशोबातून वजन चक्क कटून जातं. वीस टनांची पोकलेन आणि ट्रेलरवर पडलेला दोन किलोचा हातोडा, दोघांचं खालचं लोखंड सारखंच असेल तर दोघं एकाच वेळी सरकायला लागतील. फरक एवढाच की हातोडा पडला तर आवाज होतो.

मग उरतं काय, तर खाली काय आहे ते. लोखंडावर लोखंड आणि मधे ओला चिखल असेल, तर पकड वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच उरते. एकवीस टनांचे दोन टन. तिथं कोरडी लाकडी फळी असेल तर तीच पकड तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाते. म्हणून चांगल्या लोबेडवर लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात, आणि म्हणून मामा मशीन चढवण्याआधी पट्ट्यांतला चिखल फावड्यानं काढायला लावतात. ऑपरेटर लोक वैतागतात. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड आहे.

घाटातल्या वळणाचा हिशोब मी एकदा मामांच्या ओसरीवर बसून खडूनं मांडला होता. तीस मीटर त्रिज्येचं वळण, तासाला वीस किलोमीटर वेग. बाहेर ढकलणारा जोर आला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे ओल्या चिखलातली पकड तिथंच संपली, तीही एवढ्या कमी वेगाला. वेग दुप्पट केला, चाळीसला नेला, तर जोर चौपट, चाळीस टक्क्यांच्याही वर. तिथे मशीन सरकायच्या आधी सगळा ट्रेलरच कलंडायची भीती. शिवाय खड्डा किंवा गतिरोधक आला की क्षणभर मशीन वर उचललं जातं आणि त्या क्षणापुरती पकड नावालाच उरते.

मामांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, हे मला एका साखळीनं कळलं आसतं. तुला पाच वर्सं कालेज लागलं." चारच वर्षं लागली होती, पण असो.

मामांना ते जसं कळलं, ती गोष्ट आमच्या घरात फारशी बोलली जात नाही. १९९३ साली, मी दहावीत असताना, मामांचे एक स्नेही आपल्या ट्रेलरवर रस्त्याचा रोलर घेऊन निघाले होते. रोलर हा या सगळ्यांतला सर्वांत वाईट प्रवासी. त्याचं चाक म्हणजे गुळगुळीत लोखंडी पिंप, ते लोखंडी पत्र्यावर बसणार एका बारीक रेघेवर. त्यांनी पुढे एक आणि मागे एक असा तारेचा दोर बांधला होता. तेव्हा सगळेच तसं बांधायचे, त्यात वेगळं काही नव्हतं. पाऊस पडून गेलेला, पाटण रस्त्यावरचं साधं वळण, वेगही फार नव्हता म्हणतात. रोलर आडवा सरकला, एक दोर तुटला, आणि तो कडेला उतरला. कडेला झाडाखाली एक माणूस सायकल धरून उभा होता. पाऊस थांबायची वाट बघत असावा.

ते स्नेही त्याआधी आमच्याकडे दर दिवाळीला यायचे, माझ्यासाठी फुलबाज्यांचं पाकीट आणायचे. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि आमच्याकडेही आले नाहीत. मामा दोनदा जाऊन त्यांना भेटून आले. काय बोलणं झालं ते मामीलासुद्धा माहीत नाही. पण त्याच महिन्यात मामांनी घरातला तारेचा सगळा दोर भंगारात घातला आणि साखळ्या आणल्या. मामी अजून सांगते, त्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, तो राहिला.

साखळीतही प्रकार असतात. विहिरीवरची, बैलाची, गेटाची, सगळ्या साखळ्याच दिसतात, पण बांधायला घ्यायची ती ग्रेडची. कड्यांवर तो आकडा ठोकलेला असतो, ८० म्हणजे ग्रेड ८०. दहा मिलिमीटर जाडीची अशी साखळी सरळ ओढीत सहा टनांच्या थोडं वर धरते, तेरा मिलिमीटरची दहा टन. आता पोकलेनला लावून बघू. युरोप-अमेरिकेतले नियम असं धरतात की जोराचा ब्रेक लागला तर पुढच्या दिशेनं वजनाच्या ऐंशी टक्के ढकल येईल, आणि बाजूला व मागे पन्नास टक्के. एकवीस टनांचे ऐंशी टक्के म्हणजे जवळपास सतरा टन. कोरड्या फळीनं त्यातले सहा धरले तर राहिले साडेदहा. पुढे जाण्यापासून अडवणाऱ्या साखळ्या दोन, आणि त्या तिरक्या असल्यामुळे त्यांचा पाऊण जोरच कामी येतो. दहा मिलिमीटरच्या दोन मिळून साडेनऊ टन. अपुऱ्या! तेरा मिलिमीटरच्या दोन मिळून पंधरा. पुरतात. आणि खाली फळीऐवजी चिखल असेल तर साडेदहाच्या ऐवजी पावणेपंधरा टन धरायचे आहेत, म्हणजे तेरा मिलिमीटरच्याही कशाबशाच पुरतात. मामा तेराच्या खाली साखळी वापरत नाहीत. हा हिशोब त्यांनी कधी केलेला नाही, "धा नंबरची बघूनच पटत न्हाई" एवढंच त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. मशीन पुढे जाऊ नये म्हणून साखळी मशीनपासून मागे बांधायची, आणि मागे जाऊ नये म्हणून पुढे. गाय दावणीला बांधतात तसंच, दावं तिच्या जाण्याच्या उलट दिशेला असतं. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, बाहेरच्या बाजूला थोड्या तिरक्या, म्हणजे पुढची-मागची आणि आडवी ओढ एकाच साखळीत येते. नुसती वरून टाकून आवळलेली साखळी मशीनला खाली दाबते खरी, पण सरकण्यापासून फारसं अडवत नाही. आणि हूक कुठे लावायचा? तर कंपनीनं पट्ट्यांच्या सांगाड्याला त्यासाठी भोकं दिलेली असतात, तिथं. पायरीला नाही, हायड्रॉलिकच्या पाइपाजवळ नाही, हाताच्या सिलिंडरला तर अजिबात नाही. मी हे सगळे प्रकार हायवेवर बघितलेत.

चार साखळ्यांनी पट्टे जागेवर राहिले तरी पोकलेनचा वरचा भाग गोल फिरणारा असतो, हे विसरून चालत नाही. तो फिरला तर मागचं वजन शेजारच्या लेनमध्ये जातं. म्हणून वरचं लॉक लावायचं, हात खाली आणून बकेट आत वळवून लाकडी स्लीपरवर टेकवायची, आणि मग बकेटवरून पाचवी साखळी. इंजिन बंद झाल्यावर तेलाचा दाब हळूहळू उतरतो आणि हात आपल्या वजनानं बसत जातो, म्हणून टेकवताना नुसता टेकवून भागत नाही, दाबून टेकवायचा. आणि कमरेत मोडणारी यंत्रं, म्हणजे आजकालचे मातीचे रोलर किंवा लोडर, त्यांना कमरेतली लोखंडी कडी आधी अडकवायची. नाहीतर वळणावर ती नागासारखी वळवळतात.

साखळी आवळायचं हत्यार हा स्वतंत्र विषय आहे. जुना प्रकार लिव्हरचा. दांडा ओढून पलीकडे टाकला की साखळी ताठ. पण त्या दांड्यात केवढा जोर साठलेला असतो ते तो सुटल्यावर कळतं. जोर पुरत नाही म्हणून लोक दांड्यावर लांब नळी चढवतात, आणि ती नळी सटकली की सरळ तोंडावर येते. मामांचं उजवं मनगट वाकडं आहे ते यामुळेच. आता मामेभाऊ रॅचेटवालं वापरतो, टकटक करत फिरवायचं, वेळ लागतो पण उलटून मारत नाही. मामांना ते बायकी वाटायचं. मी म्हटलं, "मामा, मला जमतंय म्हणून बायकी म्हणताय का?" तर हसले. आता तेही तेच वापरायला सांगतात.

हे सगळं करायला वेळ लागतो. नीट केलं तर अर्धा-पाऊण तास. आणि भांडण होतं ते या पाऊण तासावरून.

२०२१ च्या जुलैत मी मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कराडला गेले होते आणि पावसात अडकले. तो आठवडा कुणी विसरणार नाही. चिपळूण पाण्यात, महाडकडे तळियेवर दरड कोसळलेली, घाट एकामागून एक बंद. रात्री नऊच्या सुमारास मामेभावाला फोन आला. एका घाटात दरड रस्त्यावर आली होती, दोन्हीकडे गाड्या अडकलेल्या, जवळच्या एका कंत्राटदाराची पोकलेन लगेच तिकडे न्यायची होती. पोकलेन शेतातून निघून आली तीच चिखलानं माखलेली. पाऊस कोसळतोय, लाईट नाहीत, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात मामेभाऊ आणि दोन पोरं पट्ट्यांतला चिखल काढतायत. मी छत्री आणि टॉर्च धरून उभी. मामा ओसरीवर खुर्चीत.

दर पाच मिनिटांनी फोन. निघालात का? निघालात का? चौथ्या फोनला पलीकडचे साहेब ओरडायला लागले ते मलाही ऐकू आलं. माणसं अडकलीयत, म्हातारीकोतारी आहेत गाड्यांत, आणि तुम्ही साखळ्या काय बांधत बसलाय?

त्यांचं चुकीचं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मलाही त्या क्षणी वाटलं, तीसच किलोमीटर तर जायचंय. मी मामांकडे बघितलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. ते काहीच बोलले नाहीत. नुसतं मुलाकडे बघत होते.

मामेभाऊ फोनवर म्हणाला, "साहेब, रागावू नका. वाटंत ही पडली तर घाट दुसऱ्यांदा बंद हुईल, आन् मग तिला उचलायला मशीन कुठनं आणायची?" आणि फोन पोराच्या हातात देऊन परत खाली वाकला.

चाळीस मिनिटांनी ते निघाले. बारा-तेरा किलोमीटरवर एका पेट्रोल पंपाशी थांबून त्यानं परत सगळं तपासलं. हे ते नेहमीच करतात, कारण पहिल्या काही किलोमीटरमध्ये हिसके बसून सगळं जागेवर बसतं आणि ताठ असलेलं सैल होतं. (अमेरिकेत तर तसा नियमच आहे, पहिल्या पन्नास मैलांच्या आत एकदा थांबून बघायचंच.) तर बकेटखालचा स्लीपर ओला होऊन दबला होता, हात चार बोटं खाली बसला होता आणि पाचवी साखळी चक्क लोंबत होती. मागच्या दोन्हींनाही दोन-दोन आटे द्यावे लागले. पुढे घाट होता. बकेट तशीच सैल घेऊन वर चढले असते तर काय झालं असतं, ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहाटे चारला फोन आला, "पोचलो. मशीन उतरवली. ताई, मामीला सांग झोप म्हणून." मामी म्हणजे माझी मामी, त्याची आई. तो गडबडीत असला की माझ्याच नात्यानं बोलतो. मामा तेव्हाही खुर्चीतच होते. "हां," म्हणाले आणि आत गेले.

त्या साहेबांचा नंतर फोन आला नाही. बिल मात्र वेळेवर निघालं, हे आमच्याकडे आश्चर्यच मानतात.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे रस्त्यावर अडवून विचारतात ते मुख्यतः कागद. वाहनाची रुंदी दोन मीटर साठ सेंटिमीटरची मर्यादा, पोकलेनचे पट्टे त्याच्या बाहेर वीसेक सेंटिमीटर जातात, मग परवानगी कुठंय, लाल झेंडी कुठंय, दिवा कुठंय. हे सगळं हवंच. पण साखळी किती जाडीची आणि किती, असं विचारणारा मामांना इतक्या वर्षांत एकदाच भेटला, तोही एक निवृत्तीला आलेला हवालदार होता. अमेरिकेतल्या नियमात साडेचार टनांवरच्या यंत्राला कमीत कमी चार बांधण्या, हात खाली टेकवून वेगळा बांधलेला, कमरेत मोडणारं यंत्र मोडू नये अशी सोय, असं सगळं लिहूनच ठेवलंय. मी तो कागद मराठीत करून मामेभावाला दिला. त्यानं लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलाय, खंडोबाच्या फोटोच्या खाली. वाचून मामा म्हणाले, "हे त्यांनी आमचंच लिवलंय."

परवा गेले होते तेव्हा दोन साखळ्या बाद करायचं काम चाललं होतं. एकीची कडी लांबट झालेली, दुसरीच्या हुकाचं तोंड उघडलेलं. बाद साखळी मामा नुसती बाजूला टाकत नाहीत, गॅसकटरनं तिचे हातभर लांबीचे तुकडे करतात, म्हणजे घाईच्या वेळी कुणी चुकून उचलू नये. मामीला गोठ्याच्या फाटकाला साखळी हवी होती. "एक आख्खी ठेवा की, फाटकाला काय हुतंय," म्हणाली. मामांनी ऐकलं नाही. शेवटी दोन तुकडे तारेनं जोडून फाटकाला लावलेत. म्हैस अजून तरी पळालेली नाही.